बर्फ भरणारा सोबती

फळीवर तीन इंटरकूलर मांडलेले होते, फळीखाली दोन मोडके, भिंतीला टेकलेल्या नळ्या अकरा, आणि या सगळ्यामागे एक तरुण... टोमॅटोला मीठ लावून खाणारा. झाफिरियाने एवढं मोजलं आणि तिची मोजणी तिथेच थांबली, कारण त्याने मान वर केली.

व्हेरिया गावाबाहेर पीचच्या बागा संपतात तिथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं हे दुकान. ती आली होती एका रबरी नळीसाठी. त्याने नळी दिली, तिच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावून पाहिलं, आणि एवढ्या मोठ्या टर्बोला हा एवढुसा इंटरकूलर कोणी लावला असं विचारलं. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही, म्हणून ती वाटेत गार करायला इंटरकूलर – हे तो भौतिकशास्त्राच्या पदवीधर मुलीला अगदी सावकाश समजावत होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की गेल्या वर्षी डोंगरचढणीच्या शर्यतीत माथ्यावर पोहोचताना इंजिनात शिरणारी हवा चौऱ्याहत्तर अंशांवर गेली होती आणि इंजिनाने अवसान गाळलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला. नाव स्टेर्गिओस, असं म्हणाला.

त्यानंतर ती संध्याकाळी येतच राहिली. कोणता इंटरकूलर घ्यायचा ते ठरायचं होतं ना! बंपरमागचा मोठा? व्हेरियात सगळे तोच घेतात. फटीतून तो चकाकला नाही, तर चौकात गाडीपाशी कुत्रंही थांबत नाही. पण त्याच्या नळ्या लांब. वळणातून बाहेर पडताना जोर यायला उशीर होतो, आणि इथे तर सगळा डोंगरच वळणांचा. मग इंजिनावर बसणारा? नळ्या आखूड, पण उन्हात रांगेत उभं राहिलं की खालच्या धगीने तो स्वतःच भाजून निघतो. तिसरा पाण्याने गार होणारा, बर्फाच्या टाकीसकट. छोट्या चढणीला झकास, पण वजनाला भारी. तिने एक उचलला की स्टेर्गिओस त्यात खोट काढायचा. त्याने एक सुचवला की ती आकडेमोड करून तो पाडायची. मध्ये थंड कॉफीचे दोन उंच पेले, आणि पेल्यांवरून चोरटी नजर... लगेच खाली वळणारी.

दुकान त्याच्या काकांचं होतं. थिमिओसकाका एकदा म्हणाले, "पोरी, आमच्या हिने मला पसंत करायला याच्या निम्म्याही फेऱ्या घातल्या नव्हत्या."

झाफिरियाने मान वळवली. खरं तर तिची निवड पहिल्याच आठवड्यात झाली होती. पण इंटरकूलर एकदा गाडीत बसला, की इथे यायला कारण काय उरणार?

शर्यत रविवारी होती. शुक्रवार उजाडला आणि आणखी लांबवणं शक्यच राहिलं नाही.

"पाण्याचा," ती म्हणाली.

"त्याची एक खोट मी अजून सांगितलेली नाही." तो कधीचे स्वच्छ झालेले हात चिंधीने पुसतच होता. "दर फेरीआधी, अगदी सुटण्याच्या रेषेपाशी, कुणाला तरी ताजा बर्फ भरावा लागतो. एकट्याचं काम नाही ते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग इतके दिवस मी उगीचच..."

"उगीच नाही," ती हळूच म्हणाली.

तिने खिशातून पिवळी कापडी पट्टी काढली. शर्यतीचा क्लब प्रत्येक चालकाला अशी एकच पट्टी देतो. ती ज्याच्या मनगटावर असेल तोच सोबती रेषेपर्यंत येऊ शकतो. झाफिरियाची पट्टी दोन वर्षं तशीच पडून राहिली होती. तिला कुणाची मदत घ्यायला आवडायचं नाही.

"हात पुढे कर."

त्याने केला. तिने पट्टीला घट्ट गाठ मारली.

"आणि सोमवारी?" त्याने विचारलं. "सोमवारी तर बर्फ लागणार नाही."

"सोमवारी आमच्याकडे जेवायला ये. आईला सांगून ठेवलंय, एक जण येईल म्हणून. कोण, ते मात्र... नाही सांगितलं."

त्याने पट्टी मनगटावर नीट सरकवली. मग म्हणाला, "गेला महिनाभर संध्याकाळी आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मी हाकलून दिलंय, झाफिरिया. काका समजतात धंदा मंदावलाय."

आतल्या खोलीतून काका खाकरले. काका काहीच समजत नव्हते असं नव्हतं.

रविवारी चिनारांच्या सावलीत गाड्यांची रांग लागली. स्टेर्गिओसने मासेवाल्याकडून दोन पेट्या बर्फ आणला होता. तो टाकीत ओतताना एक चिमुकला सार्डिन मासा घरंगळला. दोघंही इतकी हसली, की मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. स्टेर्गिओसने टाकीचं झाकण घट्ट केलं आणि खिडकीशी येऊन वाकला. हेल्मेट चढवण्याआधी तिने त्याचे गारठलेले दोन्ही तळवे धरून आपल्या गालांवर टेकवले, क्षणभरच. मग निशाण पडलं.

वळणामागून वळण मागे गेलं. माथ्यावर गाडी थांबवून तिने मापकाकडे पाहिलं.

बाहेर चौतीस अंश. इंजिनात शिरणारी हवा एकतीस.