चपलेइतकं अंतर

लावा पैज, ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही. मोताळ्याच्या हरिओमनं विजेचं बिल भरता भरता बायको मिळवली... आणि तीही हप्त्यांनी!

हरिओमची पिठाची चक्की. मोटार जळली, दुरुस्तीत पैसा गेला, बिल अठरा हजारांवर चढलं. लाईन कापायची नोटीस घेऊन तो वीज कार्यालयाच्या खिडकीशी गेला. आत खामगावहून नवीनच आलेली अनुपमा. तिनं मान वर केली... अन् हा आपण कशाला आलो तेच विसरला.

"बोला ना."

"हप्ते... पाडून देता का, मॅडम?"

"किती?"

"जास्तीत जास्त किती वेळा येता येते?"

तिनं ओठ दाबले. "सहा. दर पाच तारखेले. एक चुकला, तर लाईन कट."

चुकतो कशाला! दर पाच तारखेला केसांना तेल, भुवयांवर पीठ आणि पिशवीत तीन हजारांची चिल्लर घेऊन स्वारी हजर. चक्कीवर कोणी नोट दिली, तर हा बाजारभर फिरून ती मोडायचा. नोटा दोन मिनिटांत मोजून होतात. चिल्लरीला पाऊण तास लागतो! नाण्यांना पीठ एवढं, की पंखा लावला की साहेब खुर्चीतच पांढरे. शिपायानं तर एकदा टेबल झाडून दोन भाकरी थापल्या!

"मोबाईलवरून भरता येते, माहीत आहे ना?"

"मोबाईल बिघडला जी."

तेवढ्यात तो खिशात ठणाणा वाजला.

"बिघडलेला चांगलाच वाजून राह्यला," अनुपमा म्हणाली. आणि मोजलेली नाणी चुकून — चुकूनच हं — पुन्हा मोजायला घेतली.

सहाव्या हप्त्याला मात्र हरिओमचं तोंड उतरलं. आज बिल फिटलं, की ही खिडकी संपली. बोलायचं ते आजच... पण नाण्यांची रास मोजून संपली, तरी हा रिकामी पिशवीच झटकत राहिला.

"दहा रुपये कमी आहेत," अनुपमा म्हणाली.

"तीनदा मोजून आणले हो!"

"मग मी खोटं बोलून राह्यली का? पाच वाजायच्या आत आणा. नाहीतर लाईन कट."

पाचला पाच कमी असताना हरिओम धापा टाकत आला. मूठ घट्ट मिटलेली.

"द्या."

"देत नाही."

"काऊन?"

"दिलं तर पुढच्या पाच तारखेले कोणत्या तोंडानं येऊ? कापा लाईन... पण मले येऊ द्या."

अनुपमानं खाली बघत पावती फाडली. "दहा रुपये मी भरते. तुम्ही पाच तारखेची वाट पाहू नका. रविवारी खामगावले या... आमच्या बाबाकडे."

आता विचाराल, ते कमी पडलेलं दहाचं नाणं गेलं कुठं? अहो, त्यालाच दया आली! टुणकन उडालं, दारातून घरंगळलं, बुलडाण्याचा घाट चढलं आणि शंभर किलोमीटरवर देऊळगाव राजाच्या बालाजीच्या दानपेटीत—

"मोतीरामकाका, किती फेकता!" गोष्ट मध्येच तोडत, चहाचा ट्रे नवऱ्याच्या, हरिओमच्या हातात देत अनुपमा म्हणाली. "कुठं गेलं नव्हतं ते. माह्या चपलेखाली होतं!"