निळं पाणी

आमची ओळख पाण्याच्या मीटरपाशी झाली. मी फाटकाजवळ उकिडवी बसून मीटरच्या आकड्यांकडे रागाने बघत होते. शेजारचं काम आटपून निघालेला प्लंबर जाता जाता थांबला.

"डोळे वटारले म्हणून मीटर मागे फिरत नाही," तो म्हणाला.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या, डोळे हसत होते, आणि मला कुणाशी तरी बोलायचंच होतं. मी सगळं सांगून टाकलं. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी, आणि पाण्याचं बिल तिप्पट आलेलं. लांब राहणाऱ्या दादाने फोनवरच निकाल लावला होता, की आई नळ उघडे टाकते, तिला विसर पडायला लागलाय. महिनाअखेरीस तो तिला घेऊन जाणार होता, घर विकणार होता. आणि आईला ते पटलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. दिवसातून दहादा ती एकेका नळाला हात लावून बघायची.

त्याने पिशवी खाली ठेवली. घरातले सगळे नळ बंद करायचे, मग मीटरमधलं हे लाल चाक थांबलं पाहिजे. फिरत राहिलं तर पाणी कुठेतरी गळतंय, असं त्याने समजावलं. मी आत ओरडून आईला नळ बंद करायला सांगितलं. आम्ही दोघं डोकी जुळवून मीटरवर वाकलो.

चाक थांबलेलं होतं. अगदी ढिम्म.

म्हणजे गळती नव्हतीच… दादा बरोबर होता. माझे डोळे भरून आले. त्याने तिकडे बघितलं नाही, फक्त प्यायला पाणी मागितलं. स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर दोन थेंब पडले आणि नळ कोरडा. तो तसाच पायरीजवळच्या मुख्य कॉकपाशी गेला. कॉक घट्ट बंद.

"मीच बंद केला," दारातून आई म्हणाली. "नळ बंद कर म्हणाली ना ही… म्हटलं, माझ्याकडून एखादा राहून गेला तर?"

कुणीही हसलं असतं. तो हसला नाही.

"काकू, इतकी काळजी घेणारं माणूस नळ उघडा टाकेल, हे मला पटत नाही," म्हणत त्याने कॉक उघडला. मी धावत मीटरकडे गेले. नळ सगळे बंद, आणि लाल चाक मात्र आरामात फिरत होतं.

प्रेमकथेत संडास येऊ नये म्हणतात, पण माझा इलाज नाही. त्याने फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ टाकली आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही, अशी ताकीद दिली. आईने चहा केला. मी त्याच्याकडे चोरून बघितलं, तर तो आधीपासूनच बघत होता… अर्ध्या तासाने संडासाच्या भांड्यात निळं पाणी उतरलं होतं. टाकीतलं झिजलेलं रबर रात्रंदिवस, आवाज न करता गळत होतं.

आई उंबऱ्यावर बसली. "म्हणजे मी नव्हते," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. दादाला फोन आईनेच लावला. ती बोलली आणि दादाने ऐकून घेतलं, घर विकायचा बेत सोडला, हे आमच्याकडे नवलच.

नवं रबर बसलं, तरी तो दर आठवड्याला मीटर बघायला येऊ लागला. चाक जागचं हलत नव्हतं, आणि तोही. पुढचं बिल पहिल्यासारखं आलं, तेव्हा ते दाखवायला मी फाटकातच उभी होते.

"आता माझं इथे काम उरलं नाही," तो कागदाकडे बघत म्हणाला.

"काम नसताना येत जा…"

तो गोंधळला. "उपकार म्हणून म्हणत असाल, तर… नको. आभार मानलेत तुम्ही, पुष्कळ झाले."

"आईला तुम्ही तिचं घर दिलंत, तिचा स्वतःवरचा विश्वास दिलात. त्याचे आभार मी जन्मभर मानीन," मी म्हणाले. "पण आभार मानायला कुणी सकाळपासून फाटकात उभं राहत नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली, आणि पहिल्यांदाच माझा हात धरला.