पाच घागरी गोड पाणी

पाच घागरी गोड पाण्याला दोन किलो खडेमीठ, अर्धा किलो जुलाबाचं मीठ, अकोल्याच्या औषधवाल्याकडून आणलेल्या दोन पुड्या आणि सगळ्यात शेवटी चार चमचे खायचा सोडा. सोडा आधी पडला की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि पुन्हा काही केल्या निवळत नाही. जगदेव अंभोरेला हे सगळं तोंडपाठ होतं. मुंबईच्या एका मत्स्यालयात चौदा वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. आता तो अकोला जिल्ह्यातल्या मालेगावच्या दूध संकलन केंद्रावर होता, सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध तपासत होता आणि दुधात पाणी घालणाऱ्यांच्या शिव्या खात होता.

लॅक्टोमीटर त्याच्या खिशात असायचाच. ही काचेची नळी दुधात सोडली की अठ्ठावीसच्या आसपास तरंगते. समुद्राच्या पाण्यात पंचवीसवर. समुद्र आणि दूध यांच्यात एवढा थोडा फरक आहे हे जगदेवला फार आवडायचं आणि तो ते केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि आपली कॅन उचलून चालू लागायचे.

त्याच्या घरातल्या आतल्या खोलीत काचेची पेटी होती. तिच्यात दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल होतं. फूल म्हणायचं खरं, पण ते जित्राब. पाकळ्यांनी पकडून खाणारं. पंचफुला, म्हणजे त्याची बायको, मुंबईला असताना त्याला रोज आपल्या हातानं खाऊ घालायची. त्याच्यासाठी कालवं आणायला ती ओहोटीच्या वेळी खडकांवर जायची. दोन वर्षांपूर्वी अशीच गेली. भरती आली, ती आली नाही. सापडलीही नाही. जगदेवनं नोकरी सोडली, फूल दगडासकट दुधाच्या कॅनमध्ये घातलं आणि आगगाडीनं, मग एसटीनं गावी आणलं. मागं उरलेलं तिचं जितं असं तेवढंच होतं, आणि ते मरू द्यायचं नाही एवढी एकच गोष्ट त्यानं मनाशी धरली होती.

पण सन त्र्याहत्तरचा मार्च होता. विहिरी आटल्या होत्या. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. पेटीतलं पाणी पंधरा दिवसांनी बदलायला हवं, ते सव्वा महिना झालं तरी बदललं नव्हतं. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं होतं. जगदेवनं अंघोळ सोडली, कपडे धुणं सोडलं, आणि कशाबशा पाच घागरी साठवल्या.

लोखंडी ड्रम मिठानं सडतो, म्हणून त्यानं खोलीच्या कोपऱ्यात सिमेंटचा लहान हौद बांधून घेतला होता. सोमवारी संध्याकाळी त्यानं त्यात पाणी कालवलं. हवेसाठी सायकलची फुगवलेली ट्यूब जोडली, तिच्यातून बुडबुडे सुटू लागले. लॅक्टोमीटर पंचवीसवर थांबला. पाण्याच्या कडेला त्यानं खडूची रेघ ओढली. आता पाणी मुरू द्यायचं आणि रविवारी बदलायचं.

मंगळवारी सकाळी सहा चाळीसला पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

जमीन कोरडी होती. हौद गळत नव्हता. उन्हानं आटलं म्हणावं तर पाणी जास्त खारं व्हायला हवं, नळी पंचवीसवरच. उरला चोर. मधल्या भिंतीपलीकडं थोरल्या भावाची विधवा चंपाबाई राहायची, दोन्ही घरांचं अंगण एकच. दूध तपासून तपासून जगदेवला माणसंही तपासायची खोड लागली होती. दुपारी पाहतो तर पाणी पुन्हा बरोब्बर रेघेवर. घाबरून परत ओतलं असणार, तो मनाशी म्हणाला. पण गोड पाणी ओतलं असतं तर नळी खाली बुडाली असती. नळी पंचवीस.

बुधवारी त्यानं चंपाबाईला विचारलंच. विचारलं कसलं, अंगणात चार बायकांसमोर विचारलं. ती तिथून उठली. मग दारात थांबून म्हणाली,

"खारं पानी नेऊन मी काय करू, भाऊजी? भाजीत घालू?"

बायका हसल्या. जगदेवची लाज निघाली, पण शंका निघाली नाही. त्यानं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. कुलपाआड पाणी उतरलं. कुलपाआड चढलं. मग तो वहीत वेळा लिहू लागला. पाणी सगळ्यात खाली कधी होतं: मंगळवार सहा चाळीस. बुधवार साडेसात. गुरुवार आठ वीस. शुक्रवार नऊ दहा.

शनिवारी त्यानं घड्याळ समोर ठेवलं. बरोबर दहाला पाणी खाली जायचं थांबलं.

रोज पन्नास मिनिटं पुढं. ओहोटीचं हे गणित त्यानं चौदा वर्षं समुद्राच्या काठी बघितलं होतं. पंचफुला तर घड्याळाशिवाय सांगायची. त्यानं वही मिटली. त्याला भीती वाटायला हवी होती, पण तो नुसता गोंधळला होता. आपण कुठंतरी बेरीज चुकलो असं त्याला वाटत होतं आणि चूक सापडत नव्हती. समुद्र इथून कितीतरी मैल. त्याला आणि पाच घागरींना एकमेकांची काय ओळख?

रविवारी ते पाणी पेटीत घालायचं त्याचं धाडस झालं नाही. मंगळवारी पाण्याला वास येऊ लागला. त्याच्या मिठाला असा वास नव्हता. हा खडकांवरच्या शेवाळाचा वास होता, ओला, जुना. त्यानं बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. बुधवारी दुपारी त्यानं हौद उपसला, सगळं पाणी अंगणाबाहेर फेकलं. तळाशी मूठभर काळी वाळू होती. ती त्यानं टाकली नव्हती.

आता फुलाकडं बघवत नव्हतं. त्याचा देठ दगडावरून सुटायला आला होता. फार तर रविवारपर्यंत, जगदेवनं हिशेब केला. त्याच दिवशी टँकर आला. त्याच्या दोन घागरी, आणि पिण्याची शिल्लक होती ती एक. तीन. तो घागरींपुढं बसून राहिला.

तेवढ्यात चंपाबाई आली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. तिनं दोन्ही त्याच्या घागरींशेजारी उतरवल्या. जगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं चुकलं वयनी, असं त्यानं म्हटलं, आणि फुलासाठी तुमच्या तोंडचं पाणी मी कसं घेऊ, असंही म्हटलं.

"फुलासाठी नाही आनलं," ती म्हणाली.

तिनं डोक्यावरची चुंबळ काढली.

"तुमच्या खोलीत कोनी पानी मागते. आठ दिस झाले ऐकून राह्यली मी. आधी वाटलं तुमचा रेडिओ व्हय."

कधी, त्यानं विचारलं. चंपाबाईला घड्याळ कळत नव्हतं. तिनं आपल्या परीनं सांगितलं. शुक्रवारी मंगरूळची मोटार गेली, त्याच्या मागोमाग. सोमवारी शाळेतली पोरं जेवायला सुटायच्या थोडं आधी. आज टँकरपुढं रांग लागली तेव्हा. जगदेवनं वही उघडली. नऊ दहा. अकरा चाळीस. आज एक वीस.

"बाई मागते का मानूस?"

"बाई हाय. कोनाचा आवाज ते मले नका इचारू." ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "भाऊजी, तुमी दोन वर्सं खारंच कालवून राह्यले. तहान लागलेल्याले कोनी खारं पानी देते काय?"

धम्म घेतल्यापासून अंभोऱ्यांच्या घरात पिंड नव्हता, कावळा नव्हता, मेलेल्याच्या नावानं पाणी सोडणं नव्हतं. जगदेवचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. हे त्यानं स्वतःला त्या संध्याकाळी दोनदा सांगितलं, आणि रात्री मीठ तोलून, पुड्या मांडून ठेवल्या. सकाळी कालवायचं, रविवारी बदलायचं, फूल वाचवायचं. दुसरं पाणी नव्हतं. शनिवारच्या टँकरच्या दोन घागरींनी पेटीचं काहीच होणार नव्हतं.

गुरुवारी तो केंद्रावरून लवकर आला. हौद घासून धुतला. पाचही घागरी त्यात रित्या केल्या. मग मिठाचं पातेलं उचललं.

ते त्यानं खूप वेळ हातात धरलं. पेटीत फुलाची एकच पाकळी हलत होती.

पंचफुलाची त्याला आठवण आली, ती फारच साधी. खडकांवरून परत आली की आधी माठाकडं जायची. साडी ओली, हातात कालवांची पिशवी, आणि उभ्यानंच तांब्या तोंडाला. श्वास घ्यायला थांबायची, पुन्हा प्यायची. जगदेवला रडू आलं. ते त्यानं पुसलं नाही.

त्यानं पातेलं खाली ठेवलं. मीठ टाकलं नाही.

सायकलची ट्यूब काढून ठेवली. बुडबुडे थांबले. पाणी आरशासारखं झालं. त्यानं रेघ ओढली आणि घड्याळ मांडीवर घेतलं.

दोन वाजले.

बाहेर कोणाची तरी रिकामी बादली वाजली. मग काही नाही.

दोन दहा.

पाणी उतरू लागलं. आठ दिवस त्यानं पाहिलं होतं तसं, सावकाश, न कळत, तसं ते आज उतरत नव्हतं.

एक बोट उतरलं. थांबलं.

पुन्हा एक बोट. थांबलं.

जगदेवनं पेटीकडं पाठ केली आणि हौदाच्या कडेवर वाकला. पाण्यावर तरंग नव्हता. दर खेपेला ते तेवढंच उतरत होतं, आणि दोन खेपांच्या मधे, माणूस श्वास घ्यायला जेवढा थांबतो, तेवढंच थांबत होतं.