बाजूची भिंत

काकूंनी शेडकार्ड तिसऱ्यांदा उजेडात धरलं. आठवडाभरात लेक माहेरी यायची होती. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. तिच्या डोळ्यांना निववेल असा रंग हवा होता.

"नवरा एका बैठकीत पसंत केलास," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि भिंतीला चार दिवस?"

"म्हणूनच भिंतीला चार दिवस."

रंगारी हसला. शेवटी फिकट पिवळा ठरला, आत-बाहेर एकच. "आणि बाजूची, काकू? बोळाकडची?"

"ती कोण बघतंय?" काकू बोलून गेल्या.

दर्शनी भाग चकचकीत आणि बाजू उघडीबोडकी, ही तर जगरहाटीच. पण 'ती कोण बघतंय' हे नेमके हेच शब्द त्यांनी एकदा शेजारच्या सुनेला ऐकवले होते. पाठीच्या दुखण्यानं ती अकरा महिने खाटेला खिळलेली. खिडकीतून दिसायची ती फक्त काकूंची ही भिंत, नुसत्या सिमेंटची, शेवाळलेली. काकू रोज डोकवायच्या, गल्लीतल्या बातम्या पुरवायच्या. एकदा ती म्हणाली, "काकू, त्या भिंतीला काहीतरी रंग द्या ना... दिवस सरत नाही हो." काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पुढे त्याच खाटेवर ती गेली. घरच्यांनी घराला कुलूप घातलं, ते अजून तसंच.

"तीही रंगव," काकू म्हणाल्या. "चांगले दोन हात दे."

दोन हात झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी बोळात गेला तो परतेना, म्हणून काकू मागोमाग गेल्या. भिंत पहिल्यासारखीच करडी होती. ना ओघळ, ना पोपडा. त्यानं पत्र्यानं गिलावा खरवडून पाहिला. पिवळ्याचा कणही निघाला नाही.

"पाणी फार घातलंस का रे?"

"वीस वर्षं हेच करतोय, काकू." त्याचा आवाज खाली गेला. "भिंत रंग पिते, हे पाहिलंय. पण शेवाळ परत जागच्या जागी..."

त्यानं ब्रश धुतले आणि निघून गेला.

काकूंनी ही गोष्ट पोटातच ठेवली, काकांनासुद्धा सांगितली नाही. लेक आली. पुढच्या खोलीत रंगाचा उग्र वास होता, म्हणून तिचा पलंग बोळाकडच्या खोलीत टाकला. तिसऱ्या दिवशी काकू तिची वेणी घालत होत्या.

"आई, इथं बरं वाटतंय ग. समोरच्यांची भिंत रोज नव्या रंगाची असते. काल मोरपंखी होती, आज अबोली."

काकूंनी खिडकीतून पाहिलं. बंद घराची भिंत. सिमेंट, आणि मधोमध एक भेग.

"कोण... कोण रंगवतं?"

"ती. पडून पडून माणूस कसं विटतं, ते तिला बरोब्बर कळतं." लेक हळूच म्हणाली, "म्हणते, रंग मी निवडत जाईन. तू फक्त उठू नकोस."

"बाळंतपणापर्यंत ना?"

लेक विचारात पडली. "ते नाही बोलली."

काकूंच्या हातातली वेणी अर्धीच राहिली. त्यांनी काकांना हाक मारली. लेकीला खुर्चीत बसवलं आणि दोघांनी पलंग ओढत पुढच्या खोलीत नेऊन तिला पुन्हा त्यावर निजवलं. काकूंनी ती खिडकी लावली, खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि येऊन लेकीच्या पायाशी टेकल्या. दुपारचं ऊन आत आलं होतं. चारही भिंती फिकट पिवळ्या, लोण्यासारख्या मऊ दिसत होत्या. काकूंचा जीव भांड्यात पडला.

लेक भिंतीकडे टक लावून बघत होती. मग तिनं एकेक करून चारही बाजूंना मान फिरवली.

"आई," ती दुखावल्या आवाजात म्हणाली, "मला इथं पडून राहायचंय, हे माहीत होतं ना तुला? मग ही खोली अशी नुसत्या सिमेंटची का ठेवलीस?"

खोलीतला रंगाचा वास अजून गेला नव्हता.