भरतीचं पाणी

सकाळी भाताच्या पानांवरचं मीठ झटकणं हे खारेपाटात आता चूल पेटवण्याइतकं रोजचं काम झालं होतं. शलाका ठाकूर या संशोधक मुलीनं खाडीकाठच्या रानगवताचा गुण भातात उतरवला होता. मुळांनी ओढलेला खार पेशींतल्या इवल्या कोठ्यांमध्ये साठायचा, उरलेला पानांच्या छिद्रांतून बाहेर पडायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं थुंकरं भात.

चांगुणाबाय म्हात्रेच्या शेतात मात्र पंधरा दिवस पानं कोरडीच होती आणि रोपं पिवळी पडत चालली होती. जीव तुटत होता तिचा. महिन्यानं मोजणीचा साहेब येणार होता. मातीतल्या खाराचा आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला, की जमीन मृत धरून बंदराच्या गोदामांना द्यायची, असा नियम होता. म्हणून सासऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे खार मारायला ती विहिरीचं गोडं पाणी सोडत होती.

शलाकानं रोप उपटून पाहिलं.

"मावशी, हे उपाशी आहे. कोठीत मीठ असलं तरच ते पाणी ओढून घेतं. तुम्ही त्याची शिदोरीच धुऊन टाकलीत."

"मंग खारा पानी देऊ? साहेबाचा खाराचा आकरा वर जाईल, त्याचा काय?"

चांगुणाबाय ते पिवळं रोप हातात घेऊन बांधावर टेकली. आकडा सांभाळावा तर भात मरतं, भात जगवावं तर आकडा चढतो. मग ती उठली आणि भर भरतीला उघाडीकडे निघाली. ओहोटीला शेतातलं पाणी काढण्यासाठी बांधात बसवलेलं ते दार भरतीत उघडणं म्हणजे खारेपाटात महापाप.

"बाय, डोका फिरला कं तुजा?" शेजारचा पदाजी ओरडला.

"फिरला तं फिरला! माजा भात हाय, मी जगवीन," म्हणत तिनं फळ्या उचलल्या. खाडी फेसाळत आत शिरली.

महिन्यानं साहेब कमरेएवढ्या हिरव्यागार भातात उभा होता. त्यानं यंत्राची सळई चिखलात खुपसली, आकडा दोनदा तपासला.

"आजी, नियमानं ही जमीन मेलेली आहे."

त्याच्या हातातला कागद चांगुणाबायनं धरून ठेवला.

"लिवा. पन त्याचे खाली ह्ये पन लिवा साहेब, मेलेले जमिनीन तुमी आता कशात उभे हाव?"