पुंडलिकनगरची बिघडलेली कॉफी

"परत बिघडली! सलग तिसरा घाणा." सरोजिनीआत्यानं कप बाजूला सारला. "गोकुळ, खरं सांग, पोत्यातले दाणे बदललेस ना तू?"

मृण्मयी दारातच थबकली. सुट्टी लागली म्हणून ती आणि धाकटा भाऊ अमेय नुकतेच हर्सूलहून आत्याच्या पुंडलिकनगरातल्या कॉफीच्या कारखान्यात येऊन टेकले होते, अन् समोर हे! सहा वर्षं भाजणी सांभाळणारा गोकुळदादा मान खाली घालून उभा होता.

"नाय ताई. लेकराची शपथ."

"चार वाजता हॉटेलची माणसं चव बघायला येतायत. तोवर उलगडा झाला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

आत्या तरातरा आत निघून गेली. घड्याळात अडीच वाजले होते. मळ्यात कॉफीची लाल फळं तोडतात, गर काढून बिया धुतात, वाळवतात, टरफल काढून पोत्यात भरतात, हे सगळं मागच्या सुट्टीत याच दादानं तिला हौसेनं सांगितलं होतं. तो चोरी करेल?

"दादा, नेमकं बिघडलंय काय?"

"दाणे तडतडायला लई उशीर लागतोय. आत पानी असल्यावानी. अन् चव कसलीतरी ओली."

अमेयनं कप हुंगला. "मला तर कसलाच वास येत नाही."

"तुला बारा महिने सर्दी असते," म्हणत मृण्मयी कप घेऊन बाहेर उन्हात गेली. एक घोट घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. "अमेय, वाळ्याचं सरबत! अगदी तोच वास. आत सगळीकडेच तो भरलाय, म्हणून कुणाला कळत नाहीये."

दोघं गोदामाकडे पळाली. तिथं खिडकीत नवा कोरा कूलर घरघरत होता. त्याच्या ओल्या वाळ्याच्या जाळ्यांतून येणारा गार वारा थेट पोत्यांवर आदळत होता. समोर खुर्ची टाकून आत्याचे यजमान राजेंद्रकाका मजेत पेपर वाचत होते.

"आठ दिवस झाले बसवून," काका ऐटीत म्हणाले. "उन्हानं माल तापायला नको. हात लावायचा नाही हं कुणी."

"काका, तुमच्या गाडीवर ऊन आलंय," अमेय साळसूदपणे म्हणाला. ते खरंच होतं. काका लगबगीनं बाहेर गेले.

मागोमाग आलेल्या गोकुळदादानं एक पोतं काट्यावर ठेवलं. पन्नास किलोचं पोतं एक्कावन्न भरलं, आणि शिवण तर मळ्यातून आली तशीच होती. म्हणजे कुणी उघडलंच नव्हतं! कच्च्या दाण्यांनी कूलरची ओल आणि वास दोन्ही पिऊन घेतले होते.

"याच मालातलं एक पोतं वर माळ्यावर हाय," दादा पुटपुटला. "तिथं वारा पोचत नाय."

ते पोतं खाली आणून सव्वातीनला भाजणीचं यंत्र सुरू झालं. आवाज ऐकून आत्या धावतच आली. "कुणाला विचारून लावलंत हे?"

"आत्या, दहा मिनिटं दे. नाही जमलं तर मलाच ओरड." मृण्मयी तिच्या वाटेत उभी राहिली.

दादा काचेला नाक लावून दाण्यांचा रंग बघत राहिला. मग आतून तड् असा आवाज आला, पाठोपाठ दुसरा, आणि नंतर नुसती तडतड. दादानं डोळे मिटून घेतले.

गार झालेले दाणे दळून केलेली कॉफी आत्यानं बाहेर जाऊन चाखली. मृण्मयीनं कूलरचं सांगितलं, तशी तिनं कूलरपुढचं पोतं उसवून मूठभर दाणे हुंगले. एव्हाना परतलेल्या काकांनी गुपचूप कूलर बंद केला.

"मृण्मयी, अमेय, आज तुम्ही मला मोठ्या पापातून वाचवलंत," आत्या म्हणाली. मग ती गोकुळदादाकडे वळली.

"ताई, चार वाजत आले. बाहेर कप मांडतो," दादाच म्हणाला.

हॉटेलच्या बाईंनी दोनदा घोट घेतला. "उत्तम! भाजणी कुणाची?"

आत्यानं दादाचा हात धरून त्याला पुढं आणलं. "यांची. गोकुळरावांची," ती म्हणाली आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.