साळूबाईच्या नावाची नळी

"एक बाई हरवली आहे," डॉ. कृपा साळवे म्हणाल्या, "आणि आपण हरवलोय हे तिचं तिलाच माहीत नाही."

रविराजने झटकन पेन उघडलं. "वय? उंची? शेवटची कुठे दिसली?"

"ते ठाऊक असतं तर बाई हरवली कशाला म्हणाल्या असत्या?" शॅरन अमोलिक म्हणाली.

नगरला जुन्या कोर्टामागे शॅरनचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. तिथे येणाऱ्यांना पळालेला भागीदार हवा असे, नाहीतर होणाऱ्या जावयाची चौकशी. रविराज पूर्वी विम्याचा एजंट होता. माणूस जिवाला जीव देणारा, पण गाडी नेहमी एक स्टेशन मागे. शॅरनला त्याचा राग येई आणि त्याच्यावाचून करमतही नसे.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शोधायला आता बाईला टेबलावर झोपावं लागत नाही. एक छोटा मऊ ब्रश तिने घरच्या घरी, दार लावून स्वतःच आत फिरवायचा आणि नळीत टाकून द्यायचा. डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच तो भरवशाचा, हे संशोधनाने दाखवून दिलंय.

"मिरजगावजवळच्या एका वस्तीवर आम्ही हे केलं. बायका शिबिराला यायला लाजतात, म्हणून आमच्या ग्लोरिया सिस्टरनी शक्कल काढली. संक्रांतीला सरपंचीणबाईंच्या हळदी-कुंकवात किट वाण म्हणून दिलं. एका रुमालात किट आणि स्टीलची वाटी. बोलावलेल्या एकाही बाईने नकार दिला नाही."

"वा!" रविराज म्हणाला. "शंभर टक्के!"

"तिथल्या साळूबाई नावाच्या एका बाईंची नळी पॉझिटिव्ह आली, तीही सगळ्यात वाईट जातीच्या विषाणूची. तपासायला बोलावलं तर त्यांची गर्भाशयाची पिशवी कधीच काढलेली. त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. पुन्हा नमुना घेतला, स्वच्छ. लॅबची गफलत असेल असं समजून मी त्यांना म्हटलं, 'मावशी, काही नाही, निवांत राहा.' मग लॅबने तीच जुनी नळी पुन्हा तपासली, तर पुन्हा पॉझिटिव्ह."

"म्हणजे नळी बरोबर आहे, बाई दुसरी आहे," शॅरन म्हणाली.

"हो. आज सापडली तर उपचार छोटासा आहे. उशीर झाला तर नाही. आणि मला वस्तीवर दवंडीही देता येत नाही. पहिला निकाल कुठूनसा फुटला, तर साळूबाईंच्या घरचा चहासुद्धा लोक टाळायला लागले. अशाने ती बाई पुढे कशी येईल?"

शॅरनने हळदी-कुंकवाचा फोटो मागितला. डॉक्टरांच्या मोबाईलवर मांडवभर हसऱ्या बायका होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात रुमाल. मागे चुलीशी एक बाई पाठमोरी बसून चहा गाळत होती. शॅरनने फोटो नीट पाहिला आणि मोबाईल परत केला.

तिघं डॉक्टरांच्या जीपमधून निघाली. वाटेत रविराजचा निकाल तयार होता. "सिस्टरने नळ्यांची अदलाबदल केली. सरळ आहे."

ग्लोरिया सिस्टर मिरजगावच्या दवाखान्यातच भेटल्या. त्या ताडकन म्हणाल्या, "माझ्या हातून? एकेकीचं नाव पुकारलं, ती पुढे आली, तिच्यादेखत नळीवर नाव चिकटवलं आणि मग रुमाल ओटीत घातला. दुसऱ्या दिवशी नळ्या बायकांनीच आणून माझ्या डब्यात टाकल्या. मी त्यांना बोटसुद्धा लावलं नाही."

"मांडवात कोणाला बोलावायचं, ते कोणी ठरवलं?" शॅरनने विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? हळदी-कुंकवाला बोलावतात तसंच बोलावलं."

शॅरनने मान डोलावली. रविराजला त्यात डोलावण्यासारखं काही दिसलं नाही.

साळूबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. पण नळीचा विषय निघताच सूप थांबलं.

"माझीच हाय ती. म्याच केलं सगळं."

"कसं केलंत, मावशी? मला शिकायचंय."

"कसं म्हंजी? कापसाची काडी घेतली, फिरवली, टाकली. डाक्टरीणबाई सोताच म्हनल्या, काय न्हाई म्हनून. आता कशापायी उकरून काढताय?"

रविराजने 'कापसाची काडी' असं नीट लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सून राजनंदिनी बी.ए. झालेली. ती आधीच वैतागली होती. "सगळ्यांना वाटतं, सासूबाईंचं काम मीच उरकलं. माझी नळी वेगळी होती. तीही स्वच्छ आली आणि डॉक्टरांनी माझा पुन्हा नवा नमुना घेतला, तोही स्वच्छच. माझा रुमाल, माझी वाटी, सगळं तिथे देवघरात आहे. बघा हवं तर."

शॅरनने खरंच जाऊन पाहिलं. देवघरात एकच वाटी होती.

"चहा घेऊन जावा," मागच्या खोपीतून आवाज आला. साळूबाईंची धाकटी नणंद मुक्ताबाई. नवरा गेल्यावर माहेरी आली, ती मागच्या खोपीत राहून भावाचं शेत राबत होती. पन्नाशीच्या आतली, मोकळं कपाळ, हात घट्टे पडलेले. तिने चुलीवर आधण ठेवलं आणि स्टीलच्या वाटीतून साखर घातली.

"तुम्ही केली का तपासणी?" शॅरनने सहज विचारलं.

"मला कशाला?" मुक्ताबाई हसली. "मालक जाऊन लई वरसं झाली. आमाला काय हुतंय? वहिनीला काय न्हाई म्हनले, त्येवढं ऐकलं आन् माझ्या जिवातला घोर गेला बगा."

"रात्री झोप लागली असेल."

"लई दिसांनी."

चहा गोड होता. शॅरनने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि डॉक्टरांना बाहेर जीपपाशी बोलावलं.

"सापडली," ती म्हणाली.

"राजनंदिनी!" रविराज ओरडला. "घरात दोन नळ्या. बदलल्या असणार!"

"बदलल्या असत्या तर दुसऱ्या तपासणीत राजनंदिनी पॉझिटिव्ह आली असती. आणि सासूची नळीही तिनेच भरली असती, तर दोन्ही सारख्या आल्या असत्या. तिला सोड. आधी साळूबाईंचं बघ. त्या म्हणाल्या, कापसाची काडी. डॉक्टर, किटमध्ये काय होतं?"

"ब्रश," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे साळूबाईंनी किट उघडलंच नाही. पिशवी काढलेली, मग आपल्याला काय करायचंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते दुसऱ्या कोणाला तरी दिलं. कोणाला? जिला स्वतःचं किट मिळालं नव्हतं तिला. आता डॉक्टर, तुम्ही म्हणालात, बोलावलेल्या एकीनेही नकार दिला नाही. रविराजने टाळ्या पिटल्या. पण बोलावलं कोणाला?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"फोटोत एकही कपाळ मोकळं नाही. हळदी-कुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. चहा गाळायला मात्र चालते. तुम्ही, मी आणि सिस्टर चर्चमध्ये वाढलो, आपल्या लक्षात यायला वेळ लागला. पण सरपंचीणबाईंनाही कळलं नाही. सगळ्यांनी चांगल्या मनाने वाण वाटलं आणि गावातल्या सगळ्या विधवा तपासणीच्या बाहेर ठेवल्या."

"पण विधवा काय एकच आहे?" रविराजने विचारलं. पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला गड्याने!

"शाब्बास. म्हणून वाटी. किट आणि वाटी एकाच रुमालात होती. राजनंदिनीची वाटी देवघरात, साळूबाईंची तिथे नाही. मुक्ताबाई वाटीतून साखर घालत होती. देवघरातल्या वाटीसारखीच आणि नवी कोरी. जिला कोणी वाण देत नाही, तिच्या चुलीवर वाणाची वाटी आली कुठून? सगळा रुमालच तिला दिला गेला. आणि वहिनी बरी आहे हे कळल्यावर वहिनीपेक्षा जास्त तिचा घोर गेला. तो घोर स्वतःचा होता."

"मीच तिला सांगितलं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "काही नाही म्हणून. साळूबाईंच्या तोंडून मीच तिला सांगितलं."

त्यांना मनापासून लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती. पण लाजत बसायला वेळ नव्हता. रविराजला जीपमध्येच बसवून दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

साळूबाईंनी आधी नकारार्थी मान हलवली. मग शॅरनने समजावलं, की डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटलं ते साळूबाईंच्या अंगाबद्दल. नळीतला आजार खरा होता आणि तो दुसरीच्या अंगात आहे. तेव्हा साळूबाई बोलल्या.

"आईची आन घातली हुती तिनं. लोक म्हनतील, नवरा न्हाई आन् ही असली तपासनी कशाला करतीया? म्हनून म्या माझ्या नावानं दिलं. आन् मंग दोघींनी गूळ खाल्ला, बरं झालं म्हनून. म्या मारलं असतं की गं तिला!"

मुक्ताबाई दारात उभी होती. "तुमी दिलं म्हनून नळी तरी भरली, वहिनी." मग ती डॉक्टरांकडे वळली. "पर मालक जाऊन इतकी वरसं झाली. ह्ये आलं कुठनं?"

"हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गपचूप राहतो, मुक्ताबाई. नवऱ्याबरोबर तो चितेवर जात नाही. यात तुमचा काही दोष नाही."

त्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगातून तपासलं, कणभर तुकडा काढून लॅबला पाठवला आणि हातात मावणाऱ्या यंत्राच्या तापलेल्या टोकाने बिघडलेल्या पेशी जाळून टाकल्या. मुक्ताबाई टेबलावरून उतरली आणि तिने पदर सावरला.

"झालं?"

"झालं. पुन्हा तपासायला मात्र यायचं." लॅबचा निकाल आला तेव्हा डॉक्टर स्वतः खोपीत जाऊन बसल्या. "मुक्ताबाई, कर्करोग झालेला नाही. होणार होता."

साळूबाई हुंदके देऊन रडल्या. मुक्ताबाई रडली नाही. तिने सगळ्यांना चहा दिला आणि मग विचारलं, "वस्तीवर माझ्यासारक्या लई जनी हायेत. त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी पुन्हा मांडव घालते. या वेळी सगळ्यांना आमंत्रण," डॉक्टर म्हणाल्या.

"मांडवात न्हाई यायच्या त्या. सवय न्हाई ऱ्हायली." मुक्ताबाई उठली आणि पायात चपला सरकवल्या. "किट घ्या संगं. म्या घरं दावते. दारात हुबं ऱ्हायचं आन् नाव घिऊन हाक मारायची. लई वरसं झाली, कुनी मारली न्हाई."